सुरू नाही

चोडणच्या फेरीबोटीची वेबसाईट मी सांभाळते.
पगार नाही. पंचायतीनं एकदा नारळ दिला.

उधाणाच्या दिवसांत सगळे एकदम उघडतात,
स्वस्तातला सर्व्हर धापा टाकतो,
म्हणून कॅशिंगचा प्लगिन बसवला:
पान एकदा शिजवायचं, झाकून ठेवायचं,
येईल त्याला तेच वाढायचं.
आईला समजावलं, काल्ची कोडी.
ती बांगड्यांचं मडकं चुलीवरून उतरवत म्हणाली,
"पयलीं वास घेवन पळय."

मी नाही घेतला.
चार सेकंदांचं पान अर्ध्यात यायला लागलं
आणि मी आकडे बघत बसले,
लग्नानंतर आहेर मोजावेत तशी.

मग कुंदा वळवईकर.
बांबोळीच्या हॉस्पिटलातली दुपारपाळी संपवून
रायबंदरच्या धक्क्यावर दीड तास.
समोर काळी मांडवी, हातात मोबाईल,
मोबाईलवर: फेरीबोट आज रात्री सुरू आहे.
मी तर सातलाच लिहिलं होतं, सुरू नाही.
नवं पान, नवं नाव, सगळं रीतसर.
तिचा निरोप आला:
"तुझी वेबसाईट फास्ट झाली गं. खोटंही फास्ट बोलते."

पहाटे तीनला सापडलं.
देवनागरीचं एक अक्षर त्या फोल्डरात शिरताना
नऊ अक्षरांचं होतं. कान्याची वेगळी नऊ,
'बंदर'वरच्या टिंबाचीसुद्धा नऊ,
आणि फाईलच्या नावाला जागा दोनशे पंचावन्न.
चोडण-रायबंदर-फेरीबोट-आज-रात्री-स
इथं कात्री.
पुढचं 'आहे' गेलं, 'नाही' गेलं,
दोन पानांना एकच नाव उरलं, एकच फाईल,
आधी शिजलेली.

त्यांच्या भाषेत नकार वाटेतच भेटतो.
आपण तो शेवटपर्यंत राखून ठेवतो,
पाहुण्याला चहा पाजून, पाट सरकवून,
मग म्हणतो, बांधावरची जागा विकायची
नाही.

प्लगिन लिहिणारा योनास कुठेतरी बर्फात राहतो.
त्याला अकरा ओळींची दुरुस्ती पाठवली.
छान आहे, म्हणाला, पण चाचणी कुठाय?
आणि जरा थांबून, शेवटचा शब्द
इतका महत्त्वाचा असतो का तुमच्यात?

कुंदाचं त्याला काही सांगितलं नाही.
दोन नावं लिहिली, एकाखाली एक,
आणि खाली एवढंच, की ही दोन एक नव्हेत.
जुन्या कोडवर तांबडं. नव्यावर हिरवं.
बुधवारी त्यानं घेतलं.

आता मांडवी न पाहिलेल्या कुणाकुणाच्या मशीनवर
प्रत्येक बदलाआधी चोडणची बोट
एकदा सुरू होते, एकदा होत नाही,
आणि मशीन म्हणतं, बरोबर, पुढे चला.

कुंदा अजून मला फोन करूनच निघते.