नऊ टिंबं

रबाळे एमआयडीसी, गाळा नंबर एकोणीस तिचा.
माझा लेथ अठरात. मधली भिंत पत्र्याची.
तिचा प्रेस फिरला की माझी ड्रिल बिटं डब्यात थरथरतात.

हर्षला मढवी. गोठिवलीची.
जस्ताच्या पत्र्याला मेण फासते, ॲसिडात बुडवते,
वर आलेले बुडबुडे कावळ्याच्या पिसानं हाकलते.
मला वाटलेलं, दागिन्यांचं काम असेल.

समोर डेटा सेंटर. एकही खिडकी नाही.
सगळ्या मावश्यांचे सुप्रभात तिथे थंड करून ठेवतात म्हणे.

या खेपेला तिनं वडिलांचा फोन आणला.
ते तुर्भ्याला, रंगाच्या कंपनीत, एकतीस वर्षं.
बोटांची टोकं झिजून काचेसारखी.
रेशनच्या मशीनला अंगठा कधी पटलाच नाही,
काका, फुंकर मारा. पुसा. परत लावा.
फोनलाही पटला नाही.
म्हणून नऊ टिंबं, एका बोटानं जोडायची.
कशी, ते कुणाला सांगितलं नव्हतं.
आषाढात गेले.

तिनं आईला काच पुसू दिली नाही.
ग्राफाइटची पूड, मऊ कुंचला,
तिरका टॉर्च मी धरलेला.
हळूहळू तेलकट वाट उमटली:
वरून खाली, मग तिरपी,
कोपऱ्यावर जरा अडखळलेली.

"उघडून बघ की."
"आधी छापते."

ओला कागद, वर घोंगडीचा तुकडा. चाक मी फिरवलं.
छाप उलटी आली, उजवीकडचं डावीकडे.
तिला ठाऊक होतं, मला नव्हतं.
"यावरून कुणी उघडायला गेलं
तर नाही उघडणार," म्हणाली,
आणि हात धुवायला गेली.

बारा प्रती. मग प्रत्येकीवर रंग:
एकीवर कंपनीतला निळा, जो त्यांच्या नखांतून निघायचा नाही,
एकीवर गोल गोल फिरत राहिलेलं चक्र,
एकीवर ऑनलाइनचा हिरवा ठिपका, एवढाच, खाली कोपऱ्यात.
एक कोरी ठेवली. ती आईची.

सातवी उचलताना माझा ग्रीसचा अंगठा लागला.
ती मात्र पेन्सिलनं नंबर घालत होती: ७/१२.
तोंडातून निघून गेलं, हा तर सातबारा!
"जमीन सिडकोत गेल्यापासून
आमच्या घरात नव्हता," म्हणाली.
मी चिंधी शोधत होतो डाग पुसायला.

"राहू दे.
तुझा उमटतो तरी."