तीन दिवस पाण्याखाली

खानापूरचा साग आणायचा बेत होता.
भाव ऐकून ह्यांनी फोन ठेवला
आणि बांधावरच्या जांभळाकडं बघत राहिले.

जांभूळ पाण्यात कुजत नाही, लगमाण्णा सुतार म्हणाला,
तुमच्या विहिरीच्या तळाशी कुठलं लाकूड आहे, ठाऊक आहे?
मला ठाऊक नव्हतं.
मी त्या झाडाच्या बुंध्याला फक्त म्हैस बांधली होती,
सहा वर्षं.

जुनी होडी महापुरात गेली.
दावं तेवढं राहिलं खुंट्याला.
पूल आहे की आता, म्हणत जायची माणसं,
गाडीवरून, न थांबता.
पूल पाण्याखाली गेला
की हीच माणसं आमच्या दारात, चपला हातात घेऊन.

बाभळीत हिंडला लगमाण्णा, दोन दिवस,
वाकडेपणा शोधत.
जिथं फांदी आपणहून वळलेली, तिथं थांबायचा,
स्थळ बघावं तसा मागनं-पुढनं बघायचा.
जबरीनं वाकवलेलं लाकूड
मनात सरळच असतंय, म्हणायचा.

कागद नाही, नकाशा नाही.
एक सुतळी, तिला सात गाठी, बापानं मारलेल्या.
पाचवी कधीतरी सुटून गेली होती.
तिथं तो डोळे मिटून अंगठा ठेवायचा.
मापं कानडीत, ओंदु, एरडु, मूरु.
बोटावर हातोडा बसला
की अस्सल मराठी.

खिळे उसाच्या ट्रॉलीच्या मोडक्या पाट्याचे,
चिकोडीच्या लोहारानं ठोकून दिलेले,
एकही दुसऱ्यासारखा नाही.

माझ्याकडं अंबाडी.
भिजवलेली, सोललेली, वाळवलेली,
मांडीवर वळून करंगळीएवढी वात करायची,
राळ आणि करडईच्या तेलात बुडवून
त्याच्या पटाशीपुढं धरायची.
फळी आणि फळीच्या मधल्या अंधारात
तो ती ठोकत जायचा, हलक्या हातानं,
झोपलेल्याला उठवू नये अशी.
पंधरा दिवस माझ्या भाकरीला राळेचा वास.
पोरानं एकदा ताटच सरकवलं.

मग नाळेला हळद लावली. नारळ फोडला.
दूधगंगा कृष्णेला मिळते त्याच्या जरा वर
आठ जणांनी ढकलली.
तरंगली.
आणि फटीफटीतून पाणी आत.

माझी वात. माझी राळ.
मी ह्यांच्याकडं बघितलं नाही.

लगमाण्णानं विडी विझवून कानावर ठेवली,
काठावरचा एक धोंडा उचलला
आणि टाकला होडीत.
मग दुसरा. मग तिसरा.
ह्यांनी त्याचा हात धरला.
नीरु कुडीली, तो म्हणाला,
आणि माझ्याकडं वळून,
पिऊंदे की तिला पोटभर.
तोडल्यापासनं तहानली हाय.

बुडाली. आमच्या डोळ्यांदेखत, आमच्याच हातानं.
पाण्यावर नुसती डांबराची तेलकट झाक.

तीन रात्री हे झोपले नाहीत.
दाराशी बसून बॅटरी लावायचे नदीकडं,
जशी काही ती उठून चालायला लागेल.
मी पडल्या पडल्या ऐकत होते, काहीच ऐकू येत नव्हतं.
तिकडं खाली जांभूळ फुगत असणार,
फळी फळीला रेटत असणार,
आणि मधे माझी अंबाडी,
श्वास घ्यायला जागा नाही अशी.

चौथ्या दिवशी धोंडे काढले.
तेलाच्या डब्यानं पाणी उपसलं.
तळाशी एक मासा होता, अंगठ्याएवढा, रागावलेला.
त्याला बाहेर टाकला.
मग सगळे वाकून बघत बसलो, बराच वेळ.
तळ ओलाच होता, पण पाणी वाढेना.
ह्यांनी बिब्ब्यानं काळी झालेली बोटं
फळीवरून फिरवली, बोलले काही नाहीत.

मजुरी मोजून घेतली लगमाण्णानं, दोनदा.
जाताना सुतळी माझ्यापुढं धरली.
पाचवी गाठ मार, म्हणाला, मला आता दिसत न्हाई.
कुठं मारू?
त्यानं डोळे मिटले, अंगठा ठेवला.

माझ्या नखात राळ होती अजून.
गाठ चिकट बसली.