लखोटे

खिडकी क्रमांक चार, गणेशखिंड.
अकरा ते दोन, मग डबा, मग तीन ते साडेचार.
गुणपत्रकांच्या प्रती पाकिटात सारायच्या,
तोंड चिकटवायचं,
चिकटल्या रेषेवर सही, अर्धी अल्याड अर्धी पल्याड,
वर गोल शिक्का.
एकोणीस वर्षं मी पोरांचे मार्क
जगाच्या पत्त्यांवर बंद करून धाडते आहे.

मोठं विद्यापीठ कुठलं, मला विचाराल
तर मी पाकिटावरून सांगेन.
म्युनिकला नुसते गुण पुरत नाहीत,
गुण कसे देता तेही लेखी लागतं:
चाळीसला पास, आणि शंभर म्हणजे काय,
कुणाला पडलेत का कधी?
टोरंटोला पाकीट आमच्या हातून हवं,
पोराच्या हाताचा भरवसा नाही.
मेलबर्नला हल्ली कागदच नको.
आणि एक कुठलंसं बेट, नकाशात बोटाने शोधावं लागलं,
ते काहीच मागत नाही. फक्त फी.
त्याला मी मनातल्या मनात नापास केलं.

रांगेत पोरं हुज्जत घालतात.
तिथे शंभरातले चार घेतात रे.
घेतात चार, पण एकदा घेतलं की पाडत नाहीत कुणाला.
इकडे बघ, दार सताड उघडं
आणि पहिल्या वर्षालाच निम्मे घरी.
मग अवघड कुठलं? आत शिरणं की आत टिकणं?

शर्विल होनराव, पाठीवरची सॅक पोटाशी धरलेला,
त्याला जगाची क्रमवारी तोंडपाठ,
आमच्या आळीत आरत्या असतात तशी, ताल न चुकता.
"काकू, आपलं कितवं आलं या वर्षी?"
"दोनशे चौदावं."
चपापला.
"टोकन बघ हातातलं. तुझ्यापुढे तिघं आहेत."

मी बी.ए. केलं बाहेरून.
अर्थशास्त्राचा दुसरा पेपर तीनदा दिला.
तिसऱ्या खेपेला आठवा महिना,
बाक आणि पोट यांच्यामध्ये
पुरवणी मावेना.
तिरकी बसून लिहिलं. मागणीचा नियम, दोन आकृत्या,
एक आकृती तर उलटीच काढली.
एक्केचाळीस पडले.
तो पेपर जगात कितवा, कुणी लावलेला नाही.

खालच्या खणात एक पाकीट आहे.
नाझनीन तांबोळीने पाच संचांचे पैसे भरले,
चार नेले.
पाचव्यावर जो पत्ता होता
तो वाचताना रांगेतली पोरं आवाज खाली आणतात.
"राहू दे," म्हणाली. "नुसता अर्ज टाकायचे
अब्बूंच्या दुकानाचं दोन महिन्यांचं भाडं होतं.
आणि घेतलं नाही त्यांनी, तर कारणही सांगत नाहीत."
तिच्या आवाजात रडू नव्हतं. हिशोब होता.
त्या हिशोबाला मी पैकीच्या पैकी दिले असते.
सहा महिन्यांनी नियमाप्रमाणे फाडायचं असतं.
दोन वर्षं झाली.
खिडकीचं दार वाऱ्याने आपटतं
तेव्हा मी ते घडी न घालता फटीत अडकवते
आणि संध्याकाळी परत खणात.

"दोनशे चौदा!"
शर्विल पुढे आला. नऊ संच.
नऊ पत्ते, सुबक अक्षर, उतरत्या क्रमाने,
सगळ्यात वर तेच, आवाज खाली आणायला लावणारं.
"सव्वाचार वाजलेत," मी म्हटलं,
"आज सगळे होणार नाहीत. पहिलं कुठलं करू?"
यादीवरून त्याचं बोट खाली खाली आलं,
सातव्यावर थांबलं.
"हे. याची मुदत उद्या संपते."

मी गोंदाची बाटली उघडली.
शिक्क्यावर तारीख कालचीच होती.
अंगठ्याने चाक एक घर पुढे फिरवलं.