गंज

सव्वीस पट्ट्या झाल्या निकेलच्या.
प्लॅटिनम परवडत नाही, म्हणून ही स्पंजासारखी जाळी,
आणि पाणी काही केल्या हट्ट सोडत नाही.

सत्ताविसावी बुडवली
तेव्हा व्होल्टेज आपणहून उतरलं.
समोरच्या तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे,
मोहरीएवढे, घाईत.

चूक शोधत बसले दोन दिवस.
सापडलं: क्षाराच्या पाण्यात कुठूनसं आलेलं लोखंड,
नखभरही नाही.

बाहेर शेहेचाळीस. गोळीबार चौकात बाबा
कुणाच्या तरी कूलरचा ट्रे उलटा करून
पॉलिश पेपरनं घासत असणार.
फोन केला.

बराच वेळ गप्प. मागं पंप घरघरतोय.
मग म्हणाले,
"म्हणजे जन्मभर मी
तुह्या कामाचंच खरवडून फेकलं काय वं?"