बटण क्रमांक सात

न्यूटन स्टुअर्ट मागे पडलं तशी
फोनमधली बाई, ग्लासगोपासून डावीकडे उजवीकडे करणारी,
एका वळणावर गप्पच झाली.
बरं झालं, भाऊ म्हणाले. आता रस्ता बघ.

पुढे नुसते स्प्रूस, मैलोन् मैल.
सरकारी झाडं, भाऊ म्हणाले,
हजेरीला उभी केल्यासारखी.

लॉख ड्रुमानच्या काठाला ते केंद्र.
छपरावर शेवाळ, दारात बूट घासायची लोखंडी पट्टी,
आणि पाटी: ऑक्टोबरनंतर बंद.
आज ऑक्टोबरची एकतीस.
आत इशबेल नावाची बाई खुर्च्या उलट्या करून
टेबलांवर चढवत होती.
दोन तिनं आमच्यासाठी उतरवल्या.

सूप संपलं होतं. स्कोन होते.
पेंढा भरलेलं हरीण काचेच्या डोळ्यांनी
विकायला ठेवलेल्या टॉवेलांकडे बघत होतं,
आणि खिडकीभर पाणी.

दुसरं कुणी म्हणालं असतं, वा!
भाऊंनी चष्मा पुसला
आणि पाटबंधारे खात्याच्या इंग्रजीत विचारलं,
मॅडम, कपॅसिटी किती? टीएमसीमध्ये?
दूध हवं का, इशबेल म्हणाली.
मी मध्ये पडले, पण तो हिशेब मला कुठे येतो?
बत्तीस वर्षं त्यांनी पाणी मोजलं,
आम्ही घरी नुसतं भरलं.

हे मुळातलं तळं नाही गं,
भाऊ माझ्या कानाशी, दुसऱ्याच्या घरातलं उणं सांगावं तसे.
काठ बघ. पाणी उतरलं की पट्टा उघडा पडतो,
गवत धरत नाही तिथं.
अडवलेल्या पाण्याला किनारा नसतो, रेघ असते.

कोपऱ्यात दरीचा नकाशा, मातीचा, उंचसखल,
समोर बटणांची रांग.
एक दाबलं की धरण उजळायचं,
दोनला वीजघर, तीनला रानबकऱ्यांचा कडा.
भाऊंनी एकही सोडलं नाही.
सातवं दाबलं. काही नाही.
पुन्हा दाबलं.

ते बंदच आहे, मी इथं लागले तेव्हापासून,
इशबेल म्हणाली. सात म्हणजे काय?
तिनं गल्ल्याखालून यादी काढली:
क्रेगनेल. दोन घरं, एक मेंढवाडा,
शाळेला जायची पायवाट.
आता तिकडे. तिनं हनुवटीनं खिडकी दाखवली.
साठ फूट खाली.

भाऊ काही बोलले नाहीत.
नोटिसा त्यांनी वाटल्या होत्या, मला माहीत आहे,
जीपमधून, गावोगाव, पोच घेऊन.
लोकांच्या अंगठ्यांची शाई त्यांच्या बाह्यांना लागून यायची
आणि आई ती लिंबानं काढायची.

त्यांनी एवढंच विचारलं, स्क्रूड्रायव्हर आहे?

मग पाऊण तास
माझे ऐंशी वर्षांचे वडील गॅलोवेच्या जंगलात
लाकडी फरशीवर उताणे,
दरीच्या पोटाखाली, पाय बाहेर, मोज्याला भोक,
आणि इशबेल विजेरी धरून गुडघ्यांवर.
दोघांची भाषा एवढीच: हिअर. नो. वायर. येस येस.
उंदरांनी कुरतडलीय! भाऊ आतून मराठीत ओरडले.
हो ना, फार झालेत, इशबेल तिच्या भाषेत म्हणाली.

साडेचारला बाहेर दिवेलागण,
म्हणजे दिवे नाहीत, नुसती लागण.

पेटला.
मुगाएवढा, पिवळा,
निळ्या रंगवलेल्या पाण्याच्या मधोमध.
टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत.
इशबेलनं बटणावरचं बोट बराच वेळ उचललं नाही.
उचललं की विझतो ना तो.

स्कोनचे पैसे तिनं घेतले नाहीत, वही पुढे केली.
नाव, गाव, अभिप्राय.
भाऊंनी नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, कंसात निवृत्त,
आणि अभिप्रायात:
सात नंबर चालू. समक्ष तपासले.
खाली सही, तारीख, वेळ.

आम्ही गाडीत बसलो तेव्हा तिनं मेन स्विच काढला.
खिडक्या पाण्याएवढ्या काळ्या झाल्या.
मार्चपर्यंत ना? भाऊंनी विचारलं.
मार्चपर्यंत.

स्प्रूस संपेस्तोवर ते डॅशबोर्डच्या उजेडात
काळे झालेले हात उलटेसुलटे करत राहिले.
मग म्हणाले,
घरी लिंबू आहे का गं?