सत्तर-दोनशे

रोडेल कायमचा मनिलाला निघाला तेव्हा
अजमानच्या खोलीत विकायला तीन वस्तू होत्या:
भाताचा कुकर, घडीची खाट आणि ही.
कुकर आधीच गेला होता.

दीड किलोचं धूड. कडेचा रंग खरवडलेला,
हुडवर पांढऱ्या मार्करनं त्याचं अर्धं नाव.
"दोनशेला पूर्ण उघडून मारू नकोस," म्हणाला,
"जरा मऊ पडते. एक स्टॉप खाली ये, मग बघ.
चारशे लग्नं केलीत हिनं.
माझं सोडून."
पैसे दोनदा मोजले त्यानं,
मग फडक्यानं पुढची काच पुसली,
विकून झाल्यावर.

सप्टेंबरात, उम्म अल क्वैनच्या खाडीवर
पहाटे गाडीतून उतरलो, आणि ती आंधळी झाली.
एसीतून बाहेर आलं की इथं काचेला घाम फुटतो.
पुसायचं नाही. पुसलं की पुन्हा येतो.
गाडीच्या टपावर ठेवून वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं.
त्या वीस मिनिटांत फ्लेमिंगो आले,
चिखल चाळून चाळून जेवले,
उठून गेले.

मरमूमला उंटांची शर्यत.
पाठीवर बाहुलीएवढा यंत्राचा स्वार, त्याचा चाबूक गरगर,
बाजूच्या रस्त्यावरून मालकांच्या गाड्या ओरडत पळतात.
तीनशे फोटो काढले.
उंटाच्या तोंडचा फेस अगदी लख्ख,
डोळा एकाही फोटोत नाही.

तेव्हाची वाळू अजून आत आहे.
सत्तर ते शंभर रिंग गुळगुळीत फिरते,
एकशेवीसला करकरते,
दाताखाली खडा आल्यासारखी.
चिपळूणहून बायको कॉलवर म्हणते,
"एवढ्यात स्कूटर आली असती."
मी खांद्याला बाम चोळत असतो. कॅमेरा बंद ठेवतो.

पण हिचं खरं कसब मागचं पुसण्यात.
दोन पॉइंट आठला उघडली की
क्रेन, कचराकुंडी, उभा ट्रेलर,
सगळ्याची साय होते,
आणि सायीवर एकच माणूस तरंगतो, पापण्यांसकट.
याच्यासाठीच तर घेतली होती.

सुट्टीच्या सकाळी अल नहदाच्या मोकळ्या वाळूत
टेपच्या चेंडूचं क्रिकेट. तेलाचा डबा म्हणजे स्टंप.
जरदाद, बन्नूचा, परांची बांधणारा,
लांबून धावत यायचा, दाढी वाऱ्यावर.
चेंडू बोटांतून सुटताना पकडला त्याला.
घामाचा एक थेंब कानाखाली, सुटा.
वर्षभरातला माझा सगळ्यात चांगला फोटो.
पडद्यावर दाखवला, जरा ताठ मानेनंच.

त्यानं बघितला. बराच वेळ.
मग अंगठ्यानं मागची साय खरवडल्यासारखं केलं.
"इमारत कुठंय?"

कुठली इमारत?
त्यानं मागे हात केला. होती तिथं.
होती म्हणजे, तासभर माझ्या समोरच होती.
"आईला पाठवायचाय. तेविसावा मजला माझा आहे.
म्हणजे परांची माझी."

एफ अकरावर आलो. सत्तरवर आलो.
तेवढ्यानंही मावेना, म्हणून मागे मागे सरत गेलो
पार मिडविकेटपर्यंत.
तो टोपी काढून उभा राहिला, हात बाजूला, शाळेतल्यासारखा,
मुठीत चेंडू.
सगळं लख्ख आलं: क्रेन, कुंडी, एसीचे डबे,
सातव्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरी,
आणि खाली करंगळीच्या नखाएवढा जरदाद.
असा फोटो कुठल्याही फोनवर निघतो.

तो खालून मजले मोजत वर गेला.
एकदा चुकला, परत पहिल्यापासून.
बोट थांबलं. "हां," म्हणाला,
आणि बोलिंगला गेला.

दोन्ही फोटो रोडेलला पाठवले.
चार दिवसांनी उत्तर आलं:
दुसरा छान आहे.
कुठली लेन्स?