हातांचं काय करायचं

इंदोऱ्याच्या विहारात वरती अभ्यासिका.
महिना दोनशे, कूलरचं पाणी पाळीपाळीनं.
नुजहत मोमीनपुऱ्याहून येते,
डिक्कीत तलाठी भरतीचे पेपर, अम्मीचा डबा.

साडेसहाला खाली वंदना.
पोरं पेन ठेवून उभी राहतात.
त्रिसरण माझ्या तोंडात येतं
पिनकोडसारखं, न आठवता.
ती खुर्ची धरून अर्धी उठते
आणि तशीच राहते.

सातवीत, धरमपेठेत, मैत्रिणीकडे आरती होती.
सगळे टाळ्या वाजवत होते,
मी माझे हात फ्रॉकच्या खिशात ठेवले.
ताट माझ्यापुढं थांबलं की नाही, आठवत नाही.
आठवतं. नाही थांबलं.

"बसून राहत जा न," मी म्हणते.
"सगळे उभे, अन् मी एकटी बसू?
कसंतरीच वाटते बाप्पा."

आज पाळी तिची. बादली घेऊन जिना उतरते
तर गजभियेकाका ओरडतात, माझ्यावर:
"पाहुणीला काहून पाणी भरायला लावता?"

काका प्रेमळ आहेत.
मार्चमध्ये दोन वर्षं झाली तिला इथं.
ती नळ सोडते. बादली भरून वाहू लागते,
तरी बंद करत नाही.